हाकेच्या अंतरावर

परवा साताऱ्याहून माझी मावसबहीण दोन दिवसांसाठी आली होती. आल्या आल्या तिनं गॅलरीतून खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "यातली तुझी स्कूटर कुठली गं?" माझी स्कूटर नाही, मला ती चालवताही येत नाही आणि आमच्या घरात चारचाकीही नाही, हे ऐकल्यावर तिचा चेहरा असा झाला, जणू मी अजून आडावरून पाणी आणते असं तिला सांगितलं होतं. तिच्याकडे म्हणे कोथिंबीर संपली तरी स्कूटरला किल्ली लावावी लागते. दोन दिवस बिचारी माझ्याबरोबर पायी हिंडली. जाताना चपला घालता घालता म्हणाली, "मी मुंबईत राहून आले असं सांगितलं तर आमच्याकडे कुणाला पटणार नाही."

तिला जे दाखवलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं. तुम्ही मुंबईला येता तेव्हा गेटवे बघता, सिद्धिविनायकाला जाता, दादरला उतरलात तर पश्चिमेला साड्यांच्या दुकानांत शिरता. पूर्वेला कोण येतंय? तिथं बघण्यासारखं काय आहे? नाहीच तसं काही. नुसती माणसं राहतात. पण हे सगळं आत्ताच लिहून काढण्याला आणखी एक कारण आहे, ते ओघात येईल.

स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं की जवळच दादासाहेब फाळके मार्ग लागतो. पूर्वी हाच दादरचा मेन रोड. १९१३ साली पडद्यावर आलेला 'राजा हरिश्चंद्र' फाळक्यांनी इथल्याच एका बंगल्यात तयार केला. तारामतीचं काम करायला बाई मिळेना म्हणून साळुंके नावाच्या आचाऱ्याला लुगडं नेसवलं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण सरस्वतीबाई फाळके दिवसभर त्या सगळ्या मंडळींना रांधून वाढायच्या आणि रात्री अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोकं पाडायच्या, हे आपण विसरतो. असो. हे बायकांच्या साप्ताहिकात नाही लिहायचं तर कुठं?

तिथून थोडं पुढं आलं की खोदादाद सर्कल. हे नाव पाटीवर. माणसांच्या तोंडी 'दादर टीटी'. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून निघाली ती इथं येऊन थांबली, आणि मग ट्राम संपलीच. तरी बसचा कंडक्टर आजही "टीटी, टीटी" असंच ओरडतो आणि ज्यांच्या आईबापांनीही ट्राम पाहिली नाही अशी मुलं टीटीला उतरतात.

या सर्कलच्या उत्तरेला आमची हिंदू कॉलनी. गल्ल्यांना नंबर आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, असं सरळ. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे फार कोरडं वाटलं होतं. आमच्या गावाकडे बोळालासुद्धा मारुतीचं नाहीतर म्हसोबाचं नाव असतं. आता वाटतं, ज्यानं कुणी नंबर दिले त्याचं भलं होवो. का, तेही सांगेन.

ही वस्ती आपोआप वाढलेली नाही, आखलेली आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगचा कहर झाला. जुन्या शहरातल्या कोंदट चाळींत, जिथं ऊन नाही की वारा नाही, तिथं माणसं पटापट मेली. तेव्हा सरकारचे डोळे उघडले आणि १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला. त्यानं दादर-माटुंग्याची मोकळी जमीन घेऊन रस्ते आखले, प्लॉट पाडले, बागांना जागा सोडली, इमारतींनी एकमेकींपासून किती लांब उभं राहायचं ते ठरवून दिलं. आमच्या स्वयंपाकघरात सकाळी जो उन्हाचा पट्टा ओट्यावर येतो, तो असा प्लेगच्या पुण्याईनं येतो म्हणायचा!

आमची इमारत त्यानंतरची, १९३० ते ४० मधली. तळमजला आणि वर तीन मजले, गोल गॅलऱ्या, रुंद लाकडी जिना, लिफ्ट नाही. जिन्याखाली इस्त्रीवाल्या भय्याचं टेबल. या भय्याला भय्या म्हणते खरी, पण त्याचा जन्म इथलाच आणि माझ्यापेक्षा त्याचं मराठी चोख आहे.

सकाळची शाळा संपवून (मी अर्धा दिवस शिकवते) मी घरी येते तेवढ्या पंधरा मिनिटांत माझी सगळी कामं वाटेतच होतात. गिरणीत डबा ठेवायचा, वाण्याकडे यादी द्यायची, फुलवाल्या मावशींकडून पुडी घ्यायची, पोळी-भाजी केंद्रातल्या बाईंना "उद्या चार पुरणपोळ्या" म्हणून सांगायचं. यासाठी वेगळं उठून जावं लागत नाही. हिशेब करून बघा, तुम्ही अशा कामांसाठी दिवसातून किती वेळा साडी नीट करून, पर्स घेऊन, कुलूप लावून बाहेर पडता? चालण्याजोगी वस्ती म्हणजे फक्त झाडाखालचा फूटपाथ नव्हे. बाईची कामं तिच्या वाटेवर असणं, हे त्यातलं खरं.

फूटपाथविषयी मात्र फार अभिमानानं बोलू नये. दोन वर्षांत तीनदा उखडला. आधीच्या चांगल्या फरश्या काढून ते छोटे छोटे ठोकळे बसवले, ते पावसाळ्यात डुगडुगतात आणि नेमकं पाय ठेवला की खालचं पाणी पायावर उडवतात. उरलेल्या जागेवर मोटारसायकली. त्यामुळे शहाणी माणसं रस्त्यातूनच चालतात आणि गल्लीत शिरलेला गाडीवाला गपचूप मागून येतो. इथं त्याची हॉर्न वाजवायची सहसा छाती होत नाही, कारण वरच्या गॅलरीतून कुणीतरी आजोबा त्याला शुद्ध मराठीत चार शब्द सुनावतात.

याच कॉलनीत डॉ. आंबेडकरांचं 'राजगृह' आहे. १९३० च्या दशकात त्यांनी ते बांधलं, मुख्यतः आपल्या ग्रंथांना नीट जागा हवी म्हणून. मगधाच्या प्राचीन राजधानीचं नाव घराला दिलं. एरवी गल्लीतल्या घरांसारखंच एक घर, माणसं भाजीची पिशवी घेऊन समोरून जातात. पण सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेली पुष्कळ माणसं इकडेही येतात. पांढऱ्या लुगड्यातल्या खेड्यातल्या म्हाताऱ्या बाया अनवाणी पायांनी येतात, उंबऱ्याला हात लावतात आणि पोराला सांगतात, "बघ, इथं बसून वाचायचे." मी वर्गात वाचनाचं महत्त्व शिकवते, ते इतक्या थोडक्यात मला कधी जमलेलं नाही.

आंबेडकर रोड ओलांडला की पारशी कॉलनी. हा रस्ता ओलांडणं तेवढं जिवावर येतं. सिग्नल म्हाताऱ्या माणसाला निम्म्यात गाठतो. पण पलीकडे गेलं की एकदम सावली. मंचेरजी जोशी नावाचे पारशी इंजिनियर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टमध्ये होते, त्यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी इथले प्लॉट मिळवले आणि १९२० नंतर ही वसाहत उभी केली. (जोशी आडनाव ऐकून फसू नका. मी पहिल्यांदा आमच्यातले कोणी असावेत अशी समजूत करून घेतली होती.) वसाहतीला कुंपणाची भिंत नाही, कुणीही यावं आणि झाडांखालून फिरावं. महोगनीची झाडं आहेत. उन्हाळ्यात त्यांची लाकडासारखी टणक फळं उकलतात आणि पंखवाल्या बिया भिंगरीसारख्या फिरत खाली येतात. माझी मुलगी लहानपणी त्या परकरात गोळा करायची. जवळच पाच बागा आहेत, फाइव्ह गार्डन्स. संध्याकाळी तिथं फेऱ्या मारणाऱ्या बायकांचे घोळके बघावेत. चालणं कमी आणि सुनांविषयी जास्त.

हिंदू कॉलनीतून उत्तरेला सरळ चालत राहिलं, रुइया कॉलेज मागं टाकलं, की माटुंगा. इथं तुम्हाला भाषा बदललेली कळण्याआधी वास बदललेला कळतो. ताजी दळलेली कॉफी, मोगऱ्याचे गजरे, केळीची पानं. सुरण, कच्ची केळी, सांबाराचे छोटे कांदे, हिरवीगार कडीपत्त्याची जुडी, सगळं एका रांगेत. स्टेशनाजवळ रामा नायक यांचं उडुपी आहे, १९४२ पासूनचं, केळीच्या पानावर जेवायला वाढतात. आणि त्या माटुंगा स्टेशनात जरूर डोकावा. २०१७ साली सगळा कारभार बायकांकडे सोपवलेलं ते देशातलं पहिलं स्टेशन ठरलं. स्टेशनमास्तरीण, तिकिटांच्या खिडकीवरच्या, तिकीट तपासणाऱ्या, सगळ्या बायका. माझ्या मावसबहिणीनं मुद्दाम खिडकीशी जाऊन तिकीट घेतलं आणि जायचं कुठंच नसल्यामुळे ते पर्समध्ये घालून साताऱ्याला नेलं.

तिथून जरा पुढं, उड्डाणपुलाच्या खालीही २०१६ पासून बाग आहे. पुलाखाली गाड्या उभ्या राहायच्या, नको ते धंदे चालायचे. आजूबाजूच्या रहिवाशांनी पाठपुरावा करून तिथं चालायची वाट करून घेतली. वाट निळी, नर्मदेच्या प्रवाहासारखी वळत जाणारी. वरून ट्रक जातात आणि खालून आपण पायी नर्मदा परिक्रमा करतो. हसू नका, पावसाळ्यात कोरड्या पायानं चालायला याहून चांगली जागा नाही.

आता सांगायचं राहिलंय ते.

माझ्या सासूबाई या कॉलनीत डिसेंबर १९६३ मध्ये लग्न होऊन आल्या. "माझ्या वाट्याला चारच महिने ट्राम आली," असं त्या सांगतात. त्या शेवटच्या रात्री मामंजींबरोबर टीटीला ट्राम बघायला गर्दीत उभ्या होत्या म्हणे, आणि नव्या नवरीनं रात्री बाहेर पडायचं म्हणून घरी बोलणी बसली ती वेगळीच. आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. गेली तीनेक वर्षं त्या विसरतात. आधी चष्मा, मग गॅस, मग माझं नाव. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्मृतिभ्रंश म्हणून सांगितलं. गोळ्या दिल्या, आणि म्हणाले, रोजचा परिपाठ मोडू नका, चालणं थांबवू नका, ओळखीच्या जागेत ठेवा.

तो परिपाठ असा. चारला चहा. साडेचारला काठी घेऊन खाली. भय्याशी दोन वाक्यं. कोपऱ्यावर फुलवाल्या मावशी. मग देऊळ, तिथं पारावर तासभर, आणि दिवेलागणीला घरी. सुरुवातीला मी मागे मागे जायची. मग लक्षात आलं की माझी गरज नाही. त्यांना नावं आठवत नाहीत, पण पायांना वाट आठवते. "चौथी गल्ली" हे दोन शब्द काही केल्या पुसले जात नाहीत. कुणालाही विचारलं की तो बोट दाखवतो. नंबरवाल्याचं भलं होवो म्हटलं ते यासाठी.

गेल्या पावसाळ्यात एकदा त्या सात वाजले तरी आल्या नाहीत. मी देवळात गेले, तिथं नाहीत. गुरुजी म्हणाले, साडेपाचलाच उठल्या. माझे हातपाय गार पडले. पोलिसांत जायचं की ह्यांना फोन करायचा ते सुचेना. भय्यानं इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही इथंच थांबा." त्यानं वाण्याच्या पोराला हाक मारली. वाण्याच्या पोरानं दुसऱ्या गल्लीतल्या वॉचमनला. वॉचमननं त्यांना जाताना पाहिलं होतं, टीटीच्या बाजूला. पंधरा-वीस मिनिटांत निरोप उलटा परत आला. आजी टीटीला बसस्टॉपवर बसल्या आहेत, केळीवाली त्यांच्याशेजारी बसून आहे.

मी पळतच गेले. सासूबाई अगदी नीट बसल्या होत्या, पदर दोन्ही खांद्यांवर, काठी पायाशी. केळीवालीनं त्यांना एक केळं सोलून दिलं होतं.

"आई, चला ना घरी."

"अगं, ट्राम येऊ दे की."

काय बोलणार? मी म्हटलं, "आज ट्राम बंद आहे, आई. चालतच जाऊ."

थोडा वेळ त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हं. संप असेल." आणि उठल्या.

मी केळीवालीला पैसे देऊ लागले तर ती चिडली. "मी काय विकलं का त्यांना?"

त्यानंतर मी त्यांच्या गळ्यात पत्ता आणि फोन नंबर लिहिलेलं लॉकेट घातलं. (तुमच्या घरात असं कुणी असेल तर आजच हे करा, आणि वाणी, इस्त्रीवाला, रिक्षावाले यांना लाजू नका, स्पष्ट सांगून ठेवा.) बाहेर जाणं मात्र बंद केलं नाही. सोबतीला मी किंवा मुलगी असते, चार पावलं मागे.

आणि आता आमची इमारत पाडायची ठरली आहे. काही चूक नाही त्यात. तुळया कुजल्या आहेत, गॅलरीचे तुकडे पडतात, जिना तीन मजले चढताना वरच्या काकांना दोनदा बसावं लागतं. आजूबाजूच्या तीन-चार इमारती आधीच गेल्या, त्यांच्या जागी खाली गाड्यांचे मजले आणि त्यावर उंच घरं आली. नव्या गॅलरीतून कुणाला हाक मारली तर खाली ऐकू जाणार नाही, हे खरं. पण मोडक्या घरात राहा असं मी कुणाला कोणत्या तोंडानं सांगू? करारनामा रीतसर नोंदवून झाला. नवं घर किती मोठं, भाडं किती आणि किती काळ, ताबा कधी, सगळं लिहून घेतलं. मुदत तीन वर्षांची. म्हणजे चार-पाच धरायची. दिवाळीनंतर घर रिकामं करायचं आहे.

प्रश्न इतकाच की तोवर राहायचं कुठं. बिल्डर देतो त्या भाड्यात ठाण्याला दोन बेडरूमचा ऐसपैस फ्लॅट येतो. माझ्या नणंदेनं तिच्याच कॉम्प्लेक्समध्ये बघूनही ठेवला होता. लिफ्ट, बाग, चोवीस तास पाणी, गेटवर पहारा. वन्सं मनापासून म्हणाल्या, "आईला इथं फिरायला ट्रॅक आहे गं." आम्ही सासूबाईंना पंधरा दिवस तिथं ठेवून पाहिलं. सगळे मजले सारखे, सगळी दारं सारखी. पहिल्या दिवशी त्या लिफ्टमधून भलत्याच मजल्यावर उतरल्या. त्यानंतर त्या बाहेर पडायचं म्हणेनाशा झाल्या. गेटबाहेर मोठा रस्ता, भाजी आणायलासुद्धा वाहन. वन्संनी काही कमी केलं नाही, पण पंधराव्या दिवशी आणायला गेले तेव्हा त्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. बोलणं जवळजवळ बंद. इथं परत आल्यावर चौथ्या दिवशी भय्याशी भांडल्या, तेव्हा मला बरं वाटलं.

इथं त्याच भाड्यात काय मिळतं? पाचव्या गल्लीत, तळमजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. तेही भाडं थोडं पुरत नाही, वरचे पैसे आपल्याला घालावे लागतात. ह्यांनी दोन रात्री बसून कागदावर हिशेब मांडला आणि कागद माझ्यापुढं सरकवला. आकडे ठाण्याच्या बाजूनं होते. मुलीची दहावी, अभ्यासाला वेगळी खोली, ह्यांची पाठदुखी. मी म्हटलं, माझा शाळेचा पगार त्यात घाला. ते म्हणाले, तो तुझा आहे, आणि शाळेनं उद्या काढून टाकलं तर? मी म्हटलं, तर शिकवण्या करीन. जरा आवाज चढला आमचा, खोटं कशाला सांगू? मुलगी आतून आली आणि म्हणाली, "मी रुइयाच्या मैत्रिणीकडे अभ्यासाला जाईन, चालत दहा मिनिटं आहे." ह्यांनी कागदाची घडी केली.

घर घेतलं. अर्धं सामान वन्संकडे जाणार आहे, शिसवी कपाट विकावं लागलं. भय्याचं टेबल कुठं जाणार ते अजून ठरायचं आहे. नव्या इमारतीच्या नकाशात जिन्याखाली जागाच नाही. सध्या तरी पाचव्या गल्लीच्या तोंडाशी झाडाखाली उभं राहायची परवानगी मागतोय.

जायला अजून सहा आठवडे आहेत. तेवढ्यात सासूबाईंच्या पायांना नवी वाट शिकवायची आहे. म्हणून रोज देवळातून निघालं की मी त्यांना घेऊन आधी पाचव्या गल्लीत जाते, कुलूप उघडते, दोघी रिकाम्या खोलीत खुर्चीवर पाच मिनिटं बसतो, थर्मासमधला चहा पितो आणि मग जुन्या घरी येतो. काल त्यांना कोपऱ्यापर्यंत एकटं पुढं जाऊ दिलं. त्या थांबल्या, दोन्हीकडे बघितलं आणि नेहमीसारख्या चौथ्या गल्लीकडे वळल्या. भय्या कपड्यांचं गाठोडं घेऊन समोरून येत होता. तो तिथूनच ओरडला, "आजी, तिकडं नाही, इकडं!"

"माहितेय मला," सासूबाई म्हणाल्या, "तू मला शिकवू नकोस." आणि काठी टेकत पाचवीकडे वळल्या.